पेट्राला दोन दिवस द्या

डिसेंबरच्या सुट्टीत मंडळातली आठ कुटुंबे जॉर्डनला निघायचे म्हणताहेत, हे एव्हाना तुमच्या कानावर आलेच असेल. तीन रात्री, चार दिवस, सोबत गाइड. मी तिकडे दोनदा जाऊन आलो आहे, म्हणून आराखडा करायचे काम माझ्या गळ्यात पडले. बैठकीत त्यावर एकच आक्षेप आला, पण जोरात आला: पेट्राला दोन दिवस कशाला? अर्ध्या दिवसात होते की. उरलेल्या वेळात मृत समुद्रात तरंगू, अम्मानला खरेदी करू.

बैठकीत मला नीट उत्तर देता आले नाही. चहा आला आणि विषय बदलला. म्हणून ते उत्तर इथे लिहितो आहे. दिवाळी अंकाचा असाही उपयोग.

अर्ध्या दिवसात होते, हे खरे आहे. पहिल्या खेपेला आम्ही तसेच केले होते. सकाळी बसमधून उतरलो आणि सिक नावाच्या अरुंद घळीतून सव्वा किलोमीटर चाललो. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये कुठे तीन-चार मीटर वाट. शेवटच्या वळणाला फटीतून तो गुलाबी दर्शनी भाग दिसला आणि सगळ्यांनी फोन वर केले. धाकटीने विचारले, "बाबा, आत काय आहे?" आत काही नाही. एक चौकोनी रिकामी खोली आहे. इंडियाना जोन्सच्या १९८९च्या चित्रपटात आत जे काही दाखवले, ते सगळे स्टुडिओतले. तिचा चेहरा पडला. उंटाबरोबर फोटो काढून आम्ही परत फिरलो. पुढे नाटकघर होते, बाजाराचा रस्ता होता, डोंगरावरचे मठ म्हणतात ते स्मारक होते, त्यातले काहीच पाहिले नाही. घरी आल्यावर मित्रांनी विचारले, पेट्रा कसे आहे? मी म्हणालो, छान आहे, पण एकच इमारत आहे. हे वाक्य आठवले की अजून ओशाळायला होते.

त्या इमारतीला स्थानिक लोक खझ्ना म्हणतात. आपला खजिना हा शब्द त्याच अरबी घरातला. शिखरावरच्या दगडी कलशात सोने दडवले आहे या समजुतीने बदूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या खुणा अजून दिसतात. कलश भरीव आहे. खजिना तिथे कधीच नव्हता. ते थडगे होते, बहुधा राजाचे, आणि २००३ साली समोरच्या अंगणाखाली आणखी थडगी सापडली. पेट्राचा खरा खजिना दुसरीकडे आहे आणि तुम्ही त्याच्या शेजारूनच चालत येता: सिकच्या भिंतींत. एका अंगाला दगडात कोरलेली पन्हळ आहे, दुसऱ्या अंगाला भाजक्या मातीच्या नळांसाठी केलेली खाच. फोटोच्या घाईत असलेल्या माणसाला ती दिसत नाही. मला दिसली नव्हती.

पेट्रा वसवणारे नबाती लोक मुळात फिरस्ते. डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. तो लिहितो इ.स.पू. पहिल्या शतकात, पण माहिती त्याच्याही आधीची, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरची. त्याच्या म्हणण्याप्रमाणे यांच्यात धान्य पेरायचे नाही, फळझाड लावायचे नाही, दारू प्यायची नाही आणि घर बांधायचे नाही. मोडेल त्याला मृत्युदंड. ज्याच्यापाशी घर आणि शेत असते त्याला बलिष्ठ माणूस सहज गुलाम करतो, असा त्यांचा विचार. मग वाळवंटात जगायचे कसे? जमिनीखाली टाकी खोदून. तोंड अगदी लहान, आत मोठी खोली, आतून गिलावा. पावसाचे पाणी भरले की तोंड बुजवायचे आणि फक्त आपल्यालाच कळेल अशी खूण ठेवायची. पाठलाग करणारे सैन्य तहानेने परत जाई, हे मात्र टाक्यावरून टाक्यावर जात राहत.

इ.स.पू. ३१२ मध्ये अलेक्झांडरच्या सरदारांपैकी अँटिगोनस याने त्यांच्यावर फौज धाडली. पुरुष मंडळी बाजाराला गेली होती. फौजेने कड्यावरच्या ठाण्यातून धूप, बोळ आणि पाचशे टॅलेंट चांदी उचलली. नबातींनी माग काढून रात्री छावणी गाठली आणि जवळजवळ सगळी फौज कापून काढली. त्यानंतर त्यांनी काय केले ते मला फार आवडते. त्यांनी अँटिगोनसला पत्र लिहिले: तुमच्या सरदाराची चूक, आमचा नाइलाज झाला. आणि हे पत्र त्यांनी लिहिले सीरियाच्या, म्हणजे अरामी लिपीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तीनशे वर्षे पुढे या. घर बांधणाऱ्याला मारणारे हेच लोक नाटकघर बांधून बसले आहेत. चौथा अरेतस हा त्यांचा राजा, इ.स.पू. ९ ते इ.स. ४०. पेट्रातले बरेचसे कोरीव काम त्याच्या काळातले मानतात. स्ट्रॅबो नावाचा भूगोलकार सांगतो, की हे लोक तेरा-तेरा जणांच्या पंगतीने जेवतात, दोन गायिका असतात, आणि अकरा प्याल्यांपेक्षा जास्त कोणी पीत नाही. दारूबंदीचे काय झाले ते स्ट्रॅबो सांगत नाही. मिळकत घटवणाऱ्याला दंड आणि वाढवणाऱ्याला मान, असेही तो लिहितो. तंबूतून महालात यायला या लोकांना किती पिढ्या लागल्या असतील, हे आपण आखातात राहणाऱ्यांनी कोणाला विचारायला नको.

हे सगळे धुपावर उभे राहिले. दक्षिण अरबस्तानातला धूप आणि बोळ उंटांवरून उत्तरेला जाई, आणि वाटेवरच्या पाण्याच्या जागा फक्त यांना ठाऊक. ज्याच्याकडे पाणी त्याच्याकडे जकात. शहर वाढले तेव्हा मूसाच्या झऱ्याचे पाणी नळांनी आणि पन्हळींनी शहरात आणले आणि डोंगरावर पडणारा पाऊस बांध घालून, टाक्यांत वळवून साठवला. वीस-तीस हजार वस्तीचा अंदाज करतात. शहराच्या मधोमध एक सपाट जागा आहे, तिला जुन्या नकाशांत 'खालचा बाजार' म्हटले होते. १९९८पासून तिथे उत्खनन झाले तेव्हा बाजार निघालाच नाही. सुमारे ४३ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद तलाव निघाला, मध्ये बेटावर मंडप आणि शेजारी बाग. वाळवंटात पोहण्याचा तलाव! बाहेरून तहानलेला काफिला येतो आणि यजमान त्याला हिरवळीवर बसवतो. दुबईतली कारंजी पाहणाऱ्यांना ही भाषा कळते.

या तलावापाशी आता पाहण्यासारखे फार उरलेले नाही. पण पहिल्या दिवशी दुपारी मुलांना तिथे न्यायचे आहे आणि काय होते ते सांगायचे आहे. मी सांगेन, गाइडवर सोडणार नाही.

आणि आता दुसरा दिवस, ज्याच्यावर तुमचा आक्षेप आहे.

इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने, ज्याचे नाव कोणालाच माहीत नाही, तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक पुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. आपल्याकडे ती ओळखीची आहे ती कल्याण, सोपारा आणि चौल यांच्यासाठी; ही तिन्ही बंदरे तिच्यात आहेत. पैठण आणि तेर आहेत. तेरहून गाड्यांनी भडोचला जाणारे कापड आहे. कल्याणला उतरू पाहणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, ही तक्रारही आहे. शाळेत हे सगळे आपण परीक्षेपुरते वाचले. पण त्याच पुस्तिकेत आधीच्या पानांवर तांबड्या समुद्राकाठचे एक बंदर येते, ल्यूके कोमे, आणि तिथून एक रस्ता निघतो: पेट्राला, नबातींचा राजा मालिकस याच्याकडे. बंदरात मालावर चौथा हिस्सा जकात.

हा मालिकस कोण, तर अरेतसचा मुलगा, दुसरा मालिकस. त्याचे राज्य इ.स. ४० ते ७०. आणि पुस्तिका लिहिणारा त्याला हयात राजा म्हणून सांगतो, म्हणजे पुस्तिका त्याच तीस वर्षांतली. पुढे भडोचच्या मुलखाचा राजा म्हणून जे नाव येते ते नहपानाचे आहे असे अभ्यासक मानतात. नहपान म्हणजे नाशिक, कार्ले आणि जुन्नर इथल्या लेण्यांतल्या लेखांत येणारा क्षत्रप राजा, ज्याचा गौतमीपुत्र सातकर्णीने पाडाव केला. नहपानाच्या लेखांत ४१, ४२, ४५, ४६ अशी वर्षे आहेत, पण ती कोणत्या शकाची हे लिहिलेले नाही. शालिवाहन शकाची धरली तर तो दुसऱ्या शतकात जातो. पेरिप्लस मध्ये घातली की त्याला पहिल्या शतकात ओढावे लागते. या वादात वर्षानुवर्षे शाई खर्च झाली आहे. मला त्यातली गंमत एवढीच वाटते, की पांडवलेणीचे वय ठरवायला पेट्राच्या राजाला साक्षीला बोलवावे लागते.

पेट्रात दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुम्हाला ज्या थडग्यापाशी नेणार आहे तिथे बस जात नाही आणि गर्दीही नसते. शहराच्या मध्यापासून उत्तरेच्या ओढ्याने थोडे चालायचे. त्याला तुर्कमानिया म्हणतात. दर्शनी भागाचा खालचा अर्धा भाग गळून पडला आहे. पण वरच्या भागात, खांबांच्या मध्ये, नबाती लेख शाबूत आहे. पेट्रात थडगी शेकड्यांनी आहेत, असा लांब लेख मात्र एकावरच. त्यात राजाची स्तुती नाही, मेलेल्याचे नावसुद्धा नाही. आहे ती मालमत्तेची यादी: मोठी खोली, लहान खोली, समोरचे अंगण, जेवणाची दालने, बागा, पाण्याची टाकी. हे सर्व दुशरा देवाचे आहे, करारात लिहिल्याप्रमाणेच त्याचा वापर व्हावा.

दुसऱ्या खेपेला गाइडने मला या यादीचा अर्थ सांगितला तेव्हा मी तिथल्या दगडावर बसलो. कारण अशी यादी मी आधी ऐकली होती, नाशिकला. पांडवलेणीतल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात तो आपण केलेली दाने मोजतो आणि शेवटी सांगतो की हे लेणे करवले आणि या पोढी करवल्या. लेणे हा शब्द तिथे जवळजवळ आजच्याच रूपात आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम याने मंडप आणि पोढी दिली, तोही लेख आहे. कान्हेरीला गेला असाल तर प्रत्येक लेण्याच्या दाराशी टाके आणि कातळावरून पाणी आणणाऱ्या पन्हळी पाहिल्या असतील. एकाच काळाच्या आसपास, समुद्राच्या दोन बाजूंना, लोक डोंगर कोरत होते आणि कोरून झाल्यावर भिंतीवर पाण्याची टाकी मोजून लिहीत होते.

यावरून 'आपल्याच कारागिरांनी पेट्रा कोरले' असला संदेश कोणी समूहावर टाकू नये, ही हात जोडून विनंती. एकाने दुसऱ्याला शिकवले असा काही पुरावा नाही. आपला बेसाल्ट निराळा, तिथला वालुकाश्म निराळा; ते थडगी कोरत होते, आपल्याकडे भिक्षूंची घरे कोरली जात होती. नाते आहे ते व्यापाराचे, आणि तेही काहीसे उलटे. मोसमी वाऱ्यांवर इजिप्तहून थेट भडोच आणि कोकण-मलबारला जहाजे जाऊ लागली तशी उंटांच्या रस्त्याची किंमत उतरत गेली. पेट्राचा व्यापार ओसरण्यामागे जी कारणे देतात त्यांत हे एक आहे. कल्याण आणि चौलच्या धक्क्याला लागणारे प्रत्येक जहाज पेट्राच्या जकातीतून थोडे कमी करत होते. इ.स. १०६ मध्ये रोमने राज्य खालसा केले, ३६३च्या भूकंपात अर्धे शहर पडले, तरी वस्ती पुढेही राहिली. १९९३ मध्ये तिथल्या चर्चच्या पडक्या खोलीत जळून कोळसा झालेल्या सुमारे १४० गुंडाळ्या मिळाल्या. सहाव्या शतकातली घराण्यांची कागदपत्रे: वाटण्या, हुंडे, जमिनी.

मग १८१२ साली बुर्कहार्ट नावाचा स्विस माणूस मुसलमान यात्रेकरूच्या वेषात, हारूनच्या कबरीपाशी बकरा कापायचा आहे असे सांगून आत शिरला आणि पेट्राचा 'शोध लागला'. गुहांमध्ये तेव्हाही बदू राहतच होते, ते १९८०च्या दशकापर्यंत राहिले. मग त्यांना वरच्या उम्म सैहून वस्तीत हलवले. तुमच्याशी घोड्यासाठी घासाघीस करणारा माणूस कदाचित त्या गुहेत जन्मलेला असेल. घासाघीस करा, पण एवढे मनात असू द्या. आणि मठाच्या आठशे पायऱ्या गाढवावरून चढू नका. गाढवांनाही गुडघे असतात.

आता ती अरामी लिपी. नबाती घरात बोलत ती अरबीची एक बोली होती. त्यांची नावे आणि लेखांत मध्येच डोकावणारे शब्द ते सांगतात. पण लिहायची वेळ आली की अरामी, कारण व्यवहाराची, कचेरीची आणि परक्या राजाला पत्र लिहायची भाषा ती. घरातली भाषा घरात, कागदावरची निराळी. शतकानुशतके असे चालले. हळूहळू अक्षरे लवचीक झाली, एकमेकांना जोडली जाऊ लागली, आणि मग एक दिवस कोणीतरी त्याच अक्षरांत घरची भाषा लिहिली. सीरियातल्या नमारा इथला ३२८ सालचा एक लेख आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे: लिपी नबाती, भाषा अरबी. शेख झायेद रस्त्यावरच्या पाट्यांवरची अक्षरे त्याच नबाती अक्षरांची वंशज आहेत. राज्य जाऊन दोनशेहून अधिक वर्षे झाली होती तेव्हा.

माझी धाकटी इथल्या शाळेत सक्तीची अरबी शिकते आणि त्याबद्दल सतत कुरकुर करते. घरी मराठी बोलते, पण हा लेख ती वाचणार नाही, तिला मराठी वाचायला जड जाते. तुर्कमानियाच्या लेखाखाली उभी राहून मान वर करून ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाबा, ही अक्षरं एकमेकांना हात लावतायत, अरबीसारखी." तिला कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर तिने मला विचारले, की त्यांना आपली भाषा होती तर त्यांनी ती लिहिली का नाही. मी म्हणालो, गरज पडली नसेल. उत्तर तिला पटले नाही, मलाही नाही. तुमच्या मुलांपैकी कोणाला हे वाचायला जड जात असेल, तर एवढा भाग मोठ्याने वाचून दाखवा.

व्यवहाराचे थोडे. पहिल्या दिवशी अम्मानला उतरून थेट वादी मूसा गाठायचे, तीन तासांचा रस्ता. दुसरा दिवस: पहाटे सिक, खझ्ना, नाटकघर, राजथडगी, तलाव. तिसरा दिवस: सकाळी तुर्कमानिया, ज्यांचे गुडघे चांगले त्यांनी मठ, आणि दुपारी जवळचे छोटे पेट्रा, जिथे एका खोलीच्या छतावर द्राक्षवेली आणि पक्षी रंगवलेले अजून दिसतात. तिसरी रात्र वादी रमच्या तंबूत. रममध्ये खडकांवर सुमारे २५,००० चित्रे आणि २०,००० लेख मोजले आहेत. बहुतेक गुराख्यांचे, अमक्याचा मुलगा तमका, आणि शेजारी उंट. नबातींनी तिथेही झऱ्याचे पाणी पन्हळीने खाली आणले होते आणि जवळच अल्लात देवीचे देऊळ बांधले होते. जीपवाल्यांना सूर्यास्ताची घाई असते, त्यांना झऱ्यापाशी थांबायला आधीच सांगून ठेवले आहे.

मी गेलो तेव्हा मुक्कामी पाहुण्यांना पेट्राचे एका दिवसाचे तिकीट ५० दिनार होते आणि दोन दिवसांचे ५५. म्हणजे ज्या दिवसावरून आपण भांडतो आहोत त्याची किंमत पाच दिनार. जॉर्डन पास काढून तीन रात्री राहिले की व्हिसाचे शुल्कही माफ होते.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. पाऊस आला तर गाइड म्हणेल ते ऐकायचे, वाद घालायचा नाही. नबातींनी सिकच्या तोंडाशी बांध घालून आणि ८०-९० मीटरचा बोगदा खोदून पुराचे पाणी दुसऱ्या ओढ्याला वळवले होते. बांध पडल्यावर ते विसरले गेले, आणि १९६३ साली सिकमध्ये लोंढा घुसून फ्रेंच यात्रेकरूंपैकी वीसहून अधिक माणसे गेली. मग बांध पुन्हा घातला. तरी २०१८ साली, आपली लक्ष्मीपूजनाची रात्र होऊन दोन दिवस झाले होते, ९ नोव्हेंबरला पेट्रातून हजारो लोकांना बाहेर काढावे लागले. आपली सहल डिसेंबरात आहे, पावसाचेच दिवस. तसे झाले तर एक दिवस राखीव हवा, हेही दोन दिवस मागण्याचे कारण आहे.

नावे पंधरा नोव्हेंबरपर्यंत द्या. ज्यांना मृत समुद्रात तरंगायचेच आहे त्यांच्यासाठी चौथ्या दिवशी, रमहून परतताना, दोन तास ठेवले आहेत. विमान रात्रीचे आहे. अम्मानची खरेदी मात्र मी काढून टाकली आहे. ती विमानतळावर करा.